संपल्यावर या

६ जानेवारी

प्रिय वहिनी,

चाचणीच्या दिवशीच अडचण आली तर जावं की थांबावं? मला खरंच माहीत नाही. कितीतरी दिवस विचार करतेय आणि उत्तर सापडत नाही, म्हणून तुला विचारते.

प्रश्न माझा नाही, आमच्या कारखान्यातल्या एका मुलीचा आहे. माझी नेमणूक मदत कक्षात झालीय हे तुला माहीतच आहे. मदत कक्ष म्हणजे पूर्वीची खोक्यांची खोली. अजून पुठ्ठ्याचा वास येतो. एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर मी स्वतः रंगवलेली पाटी, 'विचारा, लाजू नका'. बिस्किटांच्या पॅकिंगवरच्या बायका जेवणाच्या सुट्टीत येतात. कोणाची रजा कापलेली असते, कोणाला लेकराला सांभाळायला जागा हवी असते, कोणाला नुसतंच बसायचं असतं. एखाद्या दिवशी एखादीचं काम खरंच होतं, आणि मग मला वाटतं की शिकल्याचं चीज झालं.

तर त्या मुलीची चाचणी महिनाअखेरीला आहे आणि तिच्या अंदाजाने नेमकी तेव्हाच अडचण येणार. तारीख पुढे ढकलता येईल, पण ती म्हणते, एकदा गोळा केलेला धीर सांडला की पुन्हा भरता येणार नाही. फोनवर शोधलं तर एक म्हणतो चालतं, दुसरा म्हणतो मुळीच नको. इथं कोणाला विचारू? पॅकिंगवरच्या बायकांना विचारलं तर संध्याकाळपर्यंत साऱ्या कारखान्यात होईल. शिवाय मी उत्तरं द्यायला बसलेय, प्रश्न विचारायला नाही.

खोली ठीक आहे. खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते, हात लांब केला तर भिंतीला लागेल इतकी जवळ. घरमालकीण खाली राहते. माझ्या पावलांवरून तिला मी आले-गेले कळतं, पण ती बोलत नाही. रविवारी दिवसभर मी माझाच आवाज ऐकला नव्हता. संध्याकाळी दुकानात 'एक पिशवी दूध' म्हणाले, तर घसा खरखरला आणि दुकानदाराने विचारलं, सर्दी झालीय का.

पत्र पडद्यांच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. घरचा फोन सगळ्यांचा. असल्या गोष्टी आईने मोठ्याने वाचाव्यात आणि दादाने ऐकाव्यात, हे नको. दादा सध्या कुठे आहे? त्या नव्या इमारतीची लिफ्ट बसली का?

तुझी

ननी

*

१४ जानेवारी

वन्सं,

तुला असं म्हटलेलं आवडत नाही म्हणून मुद्दाम म्हटलं.

पत्र मिळालं. पोस्टमन आला की आमचे मास्तर कात्री थांबवून चष्म्यावरून बघतात. "कोणाचं?" म्हणाले. म्हटलं, नणंदेचं, मोठ्या हुद्द्यावर आहे. "मग फोन नाही का घेतला तिनं अजून?" म्हटलं, घेतलाय, पण तिचं अक्षर चांगलं आहे, तेवढं दाखवायची हौस आहे.

आता तुझ्या त्या मुलीचं. अगं, घरातली पहिली पदवीधर तू, आणि एवढ्यासाठी विचार करत बसलीस? जायचं! अडचण आली म्हणून चाचणी कोणी बुडवतं का? मी दहावीचा गणिताचा पेपर अडचणीतच दिला. पोटात अशी कळ येत होती की बाकावर वाकडी होऊन बसले होते. पर्यवेक्षक बाई आल्या आणि म्हणाल्या, "खाली वाकून काय बघतेस? कॉपी आहे का?" म्हटलं, बाई, कॉपी असती तर तोंड एवढं वाकडं झालं असतं का? काठावर पास झाले, पण झाले. तिला सांग, गडद रंगाचं काहीतरी घाल, जास्तीचं कापड बरोबर ठेव, आदल्या रात्री नीट झोप. पेपर हातात आला की दुखणं-बिखणं सगळं विसरायला होतं. आणि चाचणी बुडवली की वार्षिकला भीती दुप्पट होते, हेही सांग.

दादा तुझा तिकडेच आहे. शनिवारी येतो म्हणाला होता, आला नाही. लिफ्टचा कुठला तरी भाग यायचा राहिलाय म्हणे. घरी असला की मात्र आल्यागेल्याला ऐकवतो, आमच्या घरातली पहिली पदवी, आमच्या घरातली पहिली पदवी. शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, दुसरी कधी येणार ते सांगा आता.

मी बरी आहे. अडचण जरा लांबते आणि कंबर धरते. दिवसभर मशीनवर वाकून कोणाची नाही धरत? आई बऱ्या आहेत.

तुझी वहिनी

*

२९ जानेवारी

वहिनी,

ती मुलगी मीच. आणि चाचणी म्हणजे पेपर नव्हे.

तुझं उत्तर वाचून मी इतकी हसले की घरमालकिणीने खालून दार वाजवलं. हसता हसता रडायला लागले. मग वाटलं, चुकीच्या समजुतीने का होईना, पण कोणीतरी मला 'जायचं!' असं म्हणालंय. इतक्या दिवसांत तसं म्हणणारं दुसरं कोणी भेटलं नव्हतं. म्हणून मी गेले. तू सांगितलंस तशी गडद निळी सलवारसुद्धा घातली.

आता सरळ लिहिते. मागचं वर्षभर एक जण होता. रस्त्यांच्या मोजणीचं काम करायचा, म्हणून मी मनात त्याला नकाशावाला म्हणायचे. लग्न करायचं ठरत होतं. आधी त्याच्या घरी सांगायचं, मग आपल्या. मग त्याचं येणं विरळ झालं, मग थांबलं. आणि डिसेंबरात त्याचा एका ओळीचा निरोप आला. 'मला एक संसर्ग निघालाय, संबंधातून होणारा, तूही तपासून घे.' त्याखाली काही नाही. मी फोन केला तर लागला नाही. वहिनी, वर्षभरात तो माझ्याशी इतकं खरं कधीच बोलला नव्हता.

मला काहीच त्रास नव्हता. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. त्यामुळे भीती कमी व्हायला हवी होती, पण ती जास्तच झाली. आपल्या आत काय आहे हे आपल्यालाच माहीत नसावं, यासारखं एकटं करणारं दुसरं काही नसेल.

सरकारी दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या मागे ती खोली आहे. बाहेर एक लांब बाक. प्रत्येक जण शेजाऱ्यापासून मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून बसलेला. कोणीच कोणाकडे बघत नव्हतं. समोर हात धुण्याचं पोस्टर होतं, सगळे त्याच्याकडेच बघत होते. हात कसे धुवावेत हे इतकं मन लावून कोणी कधी शिकलं नसेल.

आणि व्हायचं तेच झालं होतं. सकाळीच आली होती. खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "काय अडचण?"

मी म्हणाले, "हो. सकाळीच आली."

"कोण आली?"

"अडचण."

त्याने पेन खाली ठेवलं. "ताई, इथं ज्याला त्याला अडचणच असते. तुमची कुठली ते सांगा."

माझ्या मागचा माणूस खोकला. मी वळून निघालेच होते, तेवढ्यात आतून एक स्वेटर घातलेली नर्स आली. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मला दंडाला धरून आतच नेलं.

"पाळी आलीय का?"

"हो. मी नंतर येते."

"नंतर कशाला? पाळी आली तर आली. रक्त मी तुमच्या हातातून घेणार."

वहिनी, मला हसूच फुटलं, आणि तीही हसली. मग तिने सगळं समजावून सांगितलं. दोन तपासण्या हाताच्या रक्तातून होतात, त्यांचा पाळीशी काही संबंध नाही. बाकीच्यांसाठी कापूस लावलेली एक लांब काडी मिळते, ती बाथरूममध्ये जाऊन आपली आपणच फिरवून आणायची. कशी ते चित्र दाराच्या आतल्या बाजूला लावलंय. "पाळीचं रक्त लागलं तरी चालतं. काय शोधायचं ते मशीनला कळतं," म्हणाली. "अगदीच खूप जात असेल तर मी दोन-तीन दिवसांनी बोलावते, पण तसं मी ठरवते, तुम्ही नाही. पाळी संपली की येते म्हणून गेलेल्या पोरी परत येत नाहीत."

मग तिने विचारलं, बरोबर कोण आलंय. मी म्हणाले, कोणी नाही. तिने फक्त खिडकी जरा उघडली आणि म्हणाली, बसा थोडा वेळ, घाई नाही.

बाहेर आले तेव्हा बस स्टॉपवर बसून राहिले. दोन-तीन बस गेल्या. एवढं मोठं काम करून आले होते आणि 'झालं बरं का' असं म्हणायला एक माणूस नव्हतं. कारखान्यात पोचल्यावर फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "मॅडम, आज उशीर?" मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. म्हणाले, बस चुकली.

निकाल पुढच्या आठवड्यात मिळेल. तुला हे वाचून कसं वाटेल मला कळत नाही. रागावायचं असेल तर रागाव, पण लिही.

ननी

*

१२ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र नाही. आधी वाटलं पोस्टात अडकलं असेल. आता तसं वाटत नाही.

निकाल आला. क्लॅमिडिया. नाव ऐकून वाटतं, एखाद्याच्या बागेतलं फुलझाड असावं. बाकीचं काही निघालं नाही. एचआयव्हीसाठी मात्र काही आठवड्यांनी पुन्हा एकदा रक्त द्यायला सांगितलंय, कारण लवकर तपासलं तर कधी कधी दिसत नाही म्हणे. आठवडाभराच्या गोळ्या होत्या, त्या संपत आल्या. बरा होणारा आजार आहे. कित्येकांना तर झालेलाही कळत नाही, आणि ठेवला तसाच अंगात तर आतून नासधूस करतो.

तिथे एक समुपदेशक बाई आहेत. त्यांनी विचारलं, "घरी कोणाला सांगितलंय का?"

"वहिनीला."

"काय म्हणाल्या?"

"अजून काही नाही."

त्यांनी मान हलवली. अशी मान त्या दिवसातून कितीदा हलवत असतील.

काल पॅकिंगवरची एक नवी मुलगी कक्षात आली. बराच वेळ पाटी वाचत बसली, मग म्हणाली, "मॅडम, लाजू नका म्हणता, पण तुम्हाला कशाची लाज वाटते का हो?" मी म्हणाले, वाटते. ती म्हणाली, "मग ठीक आहे," आणि तिची रजेची तक्रार सांगायला लागली. मी नाही म्हणाले असते तर ती उठून गेली असती, असं मला नंतर वाटलं.

तुला किळस आली असेल तर मी समजू शकते. आपल्याच घरातली, जिच्या नावाने दादा एवढी छाती फुगवतो तीच, अशी निघाली. मला उत्तर नको असेल असं समजू नकोस. दोन ओळी पुरतील.

ननी

*

१९ फेब्रुवारी

वन्सं,

राग नाही आणि किळसही नाही. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी एक अख्खा पडदा उलटा शिवला. मास्तर म्हणाले, हा घरातल्यांसाठी आहे का रस्त्यावरच्यांसाठी? मी उसवत बसले. बरं झालं, मान खाली घालायला कारण मिळालं.

इतके दिवस लिहिलं नाही, त्याचं कारण तू नाहीस. त्या पत्रातल्या एका ओळीशी मी अडकले होते. 'पाळी आली तर आली.' ते एवढं सोपं असतं का गं?

मला मागच्या उन्हाळ्यापासून त्रास आहे. कोणाला बोलले नाही. अडचण येते, जाते, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा थोडं थोडं सुरू होतं. तुझा दादा घरी येऊन गेला की तर हमखास. ओटीपोटात सारखं ठणकतं. मशीनचं पायडल मारताना कळ येते, मग मी गाणं म्हणते, म्हणजे कोणाला कळत नाही. मास्तरांना वाटतं मी फार खुशीत आहे.

दवाखान्यात गेले होते मी. दाराशी नंबर देणारी बाई असते, तिने विचारलं, काय होतंय? मी हळूच म्हटलं, अडचण आहे. ती म्हणाली, "मग आत्ता कशाला आलात? संपल्यावर या." वन्सं, संपत नाही म्हणूनच तर गेले होते मी. पण मागे रांग होती, पुरुषही होते. बरं म्हणाले आणि परत आले. त्यानंतर दोनदा फाटकापर्यंत गेले. दोन्ही वेळा अडचण होतीच. म्हटलं, संपली की येऊ. घरी येऊन कणीक मळली.

आणि तुला मात्र कशी ऐटीत लिहून मोकळी झाले, जायचं म्हणजे जायचं. पेपर असता तर मीही गेले असते. पेपरला जाताना घरातले सगळे फाटकापर्यंत सोडायला येतात.

ती स्वेटरवाली काय म्हणाली ते पुन्हा एकदा लिही. जसंच्या तसं. तुझं स्वतःचं काही त्यात घालू नकोस.

आणि गोळ्या पूर्ण घे. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नकोस, तुला तशी खोड आहे.

वहिनी

*

२३ फेब्रुवारी

वहिनी,

जसंच्या तसं लिहिते. "नंतर कशाला? पाळी आली तर आली." आणि, "पाळी संपली की येते म्हणून गेलेल्या पोरी परत येत नाहीत."

आता माझं. हे तिचं नाही, वेगळं लिहितेय म्हणजे तू मला भेसळ केलीस म्हणणार नाहीस.

मी काल पुन्हा तिथे गेले आणि तुझं नाव-गाव न सांगता तिला विचारलं. ती म्हणाली, पाळीच्या मध्ये रक्त जाणं, संबंधानंतर जाणं, ओटीपोटात दुखणं, हे तपासायला लावणारं दुखणं आहे, पाळी नव्हे. कारणं पुष्कळ असू शकतात, पण थांबायचं एकही कारण नाही. वहिनी, तू दुखणं संपायची वाट बघतेयस, आणि मग ते दाखवायला जाणार आहेस. तू कपड्याच्या गिऱ्हाइकाला सांगशील का, फाटलेलं आपोआप शिवलं गेलं की घेऊन या?

तेव्हा 'अडचण' हा शब्द घरी ठेवून जा. त्या शब्दाने मीही खिडकीवर अडकले आणि तूही दारावर. एक वाक्य लिहून देते, पाठ कर. 'मला पाळीच्या मधल्या दिवसांतही रक्त जातं, उन्हाळ्यापासून जातं, पोटात दुखतं, मला आजच दाखवायचंय.' एवढंच. पुढे काही जोडू नकोस. माफ करा, त्रास देते, असलं काही तर मुळीच नको.

मी रजा टाकलीय. पुढच्या आठवड्यात येते आणि बरोबर चालते. फाटकापर्यंत नाही, आतपर्यंत.

ननी

*

१० मार्च

वन्सं,

त्या दिवशी दुकानाच्या फोनवरून 'येऊ नको, रजा परत घे' एवढंच म्हणाले आणि ठेवला. तुझी वाट बघितली नाही, त्याचा राग मानू नकोस. तू अशी मध्येच उगवली असतीस तर आईंनी दहा प्रश्न विचारले असते आणि अकरावा मला.

एकटीच गेले. तुझं वाक्य रस्ताभर पुटपुटत गेले, लोकांना वाटलं असेल बाई जप करतेय. दाराशी तीच होती. मी अर्धं वाक्य म्हणेपर्यंत तिचं सुरू, "पाळी आहे ना? संपल्यावर या." आणि काय झालं कोण जाणे, तुझं वाक्य विसरलेच मी. म्हटलं, "बाई, संपत नाही हेच दुखणं आहे! संपलं असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते?" मोठ्याने बोलले गं. ती वर बघायला लागली. रांगेत सगळ्यात पुढे एक म्हातारी होती, काठी टेकून. ती म्हणाली, "जाऊ दे की तिला आत. माझ्या नंबरावर जाऊ दे. माझं काय, मला फक्त म्हातारपण आहे."

आत डॉक्टरीण तरुण होती, तुझ्याएवढी. काडी तिनेच फिरवली. रक्त लागलं होतं तरी चेहरा जराही बदलला नाही तिचा. पोट दाबून बघितलं, थोडं सुजलंय म्हणाली, इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, आणि म्हणाली, आणखी थांबला असतात तर जास्त आत गेलं असतं. निकाल आला तेव्हा पुन्हा गेले. तुझंच फुलझाड निघालं. नणंद-भावजयीचं इतकं जुळलेलं कोणी बघितलं नसेल.

गोळ्या संपल्या. रक्त थांबलंय. दुखणंही उतरलंय. पायडल मारताना आता मुकाट्याने मारते. मास्तर म्हणाले, काय झालं, हल्ली गात नाही?

आता पुढचं वाच. डॉक्टरीण म्हणाली, नवऱ्यालाही तपासा, त्यांनाही औषध घ्यावं लागेल, आणि तोवर लांब राहा, नाहीतर पुन्हा तुम्हालाच होईल. कोणाकडून कोणाला आलं, हे तपासणी सांगत नाही, असंही म्हणाली. मला तपासणीने सांगायची गरज नाही. मी कुठे गेले? घर ते दुकान, दुकान ते घर.

तुझ्या दादाचं तिकडचं काम संपलं. आता महिनाभर घरी आहे. आणि चांगला वागतो गं, तेच अवघड आहे. काल माझ्या घरच्या मशीनला तेल घातलं, सुई बदलून दिली, म्हणाला, किती जड चालवत होतीस. डॉक्टरणीने दिलेली त्याच्या नावाची चिठ्ठी मी पिठाच्या डब्यामागे ठेवलीय. तोंड उघडलं की तो पहिलं विचारणार, कुठून आणलंस? आणि मी खरं बोलले तर त्याला माझ्याकडे बघता येणार नाही, मग तो ओरडेल. ओरडला की आई उठतील. पुढचं तुला माहीत आहे, या घरात नेहमी बाहेरून आलेलीच खोटी पडते.

म्हणून रोज सांगते, अडचण आहे. खरी होती तेव्हा वर्षभर कोणाला सांगता आली नाही, आणि आता नाही तर रोज सांगते. तो कूस बदलून झोपतो, काही म्हणत नाही. पण परवा हळूच म्हणाला, "एवढे दिवस? दवाखान्यात दाखवतेस का?" मी अंधारात तोंडावर पदर घेतला. हसू आलं का रडू ते मलाच कळलं नाही. हे किती दिवस पुरणार, वन्सं?

तुला सांगितलं कारण दुसरं कोणी नाही. पण माझ्याबद्दल त्याच्याशी अवाक्षर काढायचं नाही. मला वचन दे आणि ते पाळ.

वहिनी

*

१७ मार्च

प्रिय वहिनी,

वचन दिलं आणि पाळलं. आता शांतपणे वाच.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटायला आलंय. ज्या माणसाने स्वतःची शाळा सोडून मला शिकवलं, त्याच्याबद्दल मी रागाने विचार करत होते आणि मला ते जमत नव्हतं. तो वाईट नाही. त्याला बोलता येत नाही. आपल्या घरात कोणालाच येत नाही. आपल्याकडे पोट 'बिघडतं', डोकं 'धरतं', आणि उरलेल्या सगळ्याला अडचण म्हणतात. त्या एका शब्दाच्या आत तू वर्षभर एकटी बसलीस. मी इथे बसले. कदाचित तोही कुठल्यातरी अर्धवट इमारतीत असाच बसला असेल. हे मी त्याची बाजू घेऊन लिहीत नाही. त्याने तुला जे दिलं ते त्यानेच निस्तरायला हवं. पण त्यासाठी घरात कोणीतरी पहिलं बोलायला हवं, आणि ते तू असशील तर खोटी तूच पडणार. मी असले तर मी पडेन. मला माझी खोली आहे, पगार आहे.

म्हणून मी दादाला पत्र लिहिलं. त्यात तुझं नाव नाही, तुझ्या दवाखान्याचं नाही, तुझ्या तब्येतीचा एक शब्द नाही. सगळं माझं आहे. लिहिलं की मागच्या वर्षी माझ्या आयुष्यात एक जण होता. त्याच्याकडून मला संसर्ग झाला, मी पाळी चालू असताना जाऊन तपासून आले, औषध घेतलं, बरी झाले. 'पाळी' असंच लिहिलं, दादाला. लिहिताना कान तापले होते. मग लिहिलं, 'दादा, त्या माणसाने मला सोडलं, पण जाताना एक ओळ पाठवून तपासून घे म्हणाला. तो तेवढं बोलला नसता तर मला कधी कळलंच नसतं. त्याच्या त्या एका ओळीवर मी आज बरी आहे. तूही महिनोन्महिने बाहेर असतोस. एकदा जाऊन तपासून ये. काही निघालं तर घरी सांग. मी कारण विचारणार नाही. जो सांगतो त्याच्याबद्दल मला काय वाटतं, ते तुला वर कळलंच असेल.'

तीन वेळा लिहिलं. पहिल्यात मी फार शहाणी वाटत होते, दुसऱ्यात फार बिचारी. तिसऱ्यात साधी झाले.

तो काय करेल मला माहीत नाही. कदाचित फाडेल. कदाचित मला घरी येऊ नको म्हणेल, आणि आल्यागेल्यांना पदवीबद्दल सांगायचं बंद करेल. ते वाक्य मला किती आवडायचं हे मला परवा, ते पुन्हा ऐकू येणार नाही असं वाटलं तेव्हा कळलं. रविवारी मी दिवसभर त्याचाच आवाज आठवत बसले होते. पण असंही होईल की तो एके सकाळी कोणाला न सांगता दवाखान्याच्या बाकावर, शेजारच्यापासून एक माणूस मावेल एवढी जागा सोडून, हात धुण्याचं पोस्टर वाचत बसेल. परत आल्यावर तुला काय सांगायचं ते त्याने ठरवावं. तू फक्त ऐक. लगेच माफ करायची गरज नाही. त्याने औषध घेतलं हे कळेपर्यंत लांबच राहा, आणि अडचण आहे असं सांगणं आता पुरे. नको, एवढंच म्हण.

बिनसलंच, तर सरळ इकडे ये. खिडकीतून नुसती भिंत दिसते, पण दोघींना पुरेल एवढी खोली आहे आणि दाराला आतून कडी आहे. हे मी धीर द्यायला म्हणत नाही, घरमालकिणीला विचारून ठेवलंय. वहिनी येईल कदाचित, म्हणाले. ती पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलली. म्हणाली, येऊ द्या की.

दादाचं पत्र घरच्या पत्त्यावर येईल, त्याच्या नावाने. आधी तुझ्या हातात पडलं तर उघडू नकोस आणि लपवूही नकोस. त्याला दे.

तू रागावशील. तुला आधी विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं. म्हणून सकाळी कामावर जाताना ते पेटीत टाकलं, आणि हे संध्याकाळी लिहायला बसले.

तुझी

ननी